एका पेटीचे दोन कारभारी

भाटघर धरणाचं पाणी हटायला लागलं की आधी वास येतो. ओल्या गाळाचा, शिंपल्यांचा, पाण्यात कुजलेल्या गवताचा आणि उन्हानं तापत चाललेल्या चिखलाचा मिळून एकच वास. तो चांगला आहे असं कुणी म्हणणार नाही, पण काठावर वाढलेल्या माणसाच्या नाकात तो गेला की घर जवळ आल्याची खात्री पटते. परवा भोरहून एसटीनं गावाकडे जाताना तो खिडकीतून आत आला. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला, मी खिडकी आणखी उघडली. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला पायऱ्यांसारख्या रेघा उमटल्या होत्या आणि नव्यानं उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसं फांद्या घेऊन हिंडत होती.

मी भोरला कॉलेजात संगणक शिकवते. सध्या प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आहेत. परवाच एका मुलीनं विंडोजमध्ये एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत लिनक्स सुरू करून दाखवलं. एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र, तेही पहिलं बंद न करता. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. ती म्हणाली, ‘मॅडम, एवढं काय त्यात? सगळेच करतात.’ खरं आहे, सगळेच करतात. सूर्यही रोजच उगवतो, म्हणून काय त्याच्याकडे पाठ करून बसायचं? मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि परीक्षकांच्या चहाचं बघते असं सांगून बाहेर आले. मला आमची पडवी आठवली होती, आणि तिथं उभं राहून मी असंच तोंडात बोट घातलं होतं तो उन्हाळा.

संगणक म्हणजे तसं पाहिलं तर नुसतं पत्र्याचं खोकं. ते सुरू झालं की आतला कारभार कुणीतरी हाती घ्यावा लागतो. पडद्यावर काय दिसायचं, कळ दाबली की काय व्हायचं, कुठली वस्तू कुठं ठेवायची, हे सगळं तो बघतो. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम; विंडोज हा एक, लिनक्स हा दुसरा. बहुतेक घरांत एकच कारभारी असतो आणि तो आहे हेसुद्धा घरच्यांना ठाऊक नसतं. आमच्या घरात त्या उन्हाळ्याआधी, हिवाळ्याच्या तोंडालाच दोन झाले.

संगणक आणला होता दादानं, माझ्या थोरल्या भावानं. नसरापूरच्या एका दुकानातून जुनाच घेतला आणि गोधडीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणला. वाटेत त्याला हादरा बसू नये म्हणून दादा तो मांडीवर घेऊन बसला होता. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हळदकुंकू लावलं. कुंकू नेमकं चालू करायच्या बटणावर लागलं, त्यामुळे पुढं कितीतरी दिवस दादाचं बोट लाल असायचं. ‘ऱ्हाऊ दे की,’ आई म्हणायची, ‘रोज नारळ फोडायला लागत न्हाई त्ये बरं.’

दादा लग्नाचं शूटिंग करायचा आणि त्याची फिल्म पडवीतल्या ह्या संगणकावर जुळवायचा. काय फिल्म असायची! नवरा कमळातून उगवायचा, नवरी चंद्रावरून उतरायची, आणि मामा नवरीला बोहल्यावर आणेपर्यंत मागं सूर्य दोनदा मावळून पुन्हा वर यायचा. गाव खूश होतं. लग्नसराईत दादाला जेवायला सवड नसायची. आणि माझी त्या साली शेवटच्या वर्षाची परीक्षा, तिचा प्रकल्प, आणि कॉलेजचा दंडक असा की प्रकल्प लिनक्सवरच करायचा. दादाची सगळी अवजारं विंडोजची. ती काढून लिनक्स घालावं तर वऱ्हाड अडणार, न घालावं तर माझं वर्ष अडणार.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोघांचं म्हणणं पडवीच्या पायरीवर बसून ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत, पोरांनो.’

‘ह्यात ऱ्हात्यात, आबा,’ असं उत्तर आलं ते अर्चनाकडून. अर्चना माझ्या वर्गातली. तिचं गाव वेल्ह्याच्या वर डोंगरात, पासली. ती त्या दिवशी लिनक्सची सीडी दप्तरात घालून मुद्दाम आमच्याकडे आली होती. ती संगणकासमोरच्या खुर्चीत बसली आणि आम्ही सगळे तिच्या मागं उभे राहिलो.

पडद्यावर एक लांब पट्टा आला. तो म्हणजे आमच्या संगणकाची हार्ड डिस्क, आतलं सगळं शिवार. त्या पट्ट्यावर एक उभी रेघ होती आणि ती माउसनं डावी-उजवीकडे सरकवता येत होती. अलीकडं दादाचं विंडोज, पलीकडं माझं लिनक्स. अर्चनानं रेघ थोडी सरकवली की दादा म्हणायचा, ‘आगं, बास की. माझ्याकडनं लई घेऊ नगंस.’ मी म्हणायचे, ‘एवढ्यात माझं कसं भागायचं?’ आबांना हे सगळं अगदी ओळखीचं वाटलं. ते पुढं झाले आणि म्हणाले, ‘बांध घालताना दोघं बी हजर हाईत न्हवं? मग हितंच ठरवा. मागनं तंटा नगं.’ आणि खरंच, त्यांच्या साक्षीनं आमची वाटणी झाली.

त्यानंतर जे घडलं त्याचं मला आजही पुरतं आश्चर्य ओसरलेलं नाही. संगणक बंद करून सुरू केला, तर नेहमीचं काही न येता काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. एक लिनक्सची, एक विंडोजची. कुणाला बोलावू, असं यंत्र विचारत होतं. खाली-वर करायच्या कळेनं ओळ निवडायची. ही निवडली तर हे, ती निवडली तर ते. तोच पडदा, त्याच झिजलेल्या कळा, बटणावर तेच कुंकू, आणि आत एकदम वेगळं माणूस. रंग वेगळे, बोलणं वेगळं, रीत वेगळी. आपण घरात शिरावं आणि भिंती त्याच असताना माणसं दुसरीच निघावीत, तसं व्हायचं. आणि पुन्हा बाहेर जाऊन आत आलं की आपली माणसं जागच्या जागी.

निवड नाही केली, तर थोडा वेळ वाट बघून यंत्र वरची ओळ आपणच घ्यायचं. वरची ओळ माझी होती. दादा बटण दाबून चहा आणायला आत जायचा आणि येऊन बघतो तर माझं लिनक्स मांडी ठोकून बसलेलं. ‘च्या घिऊन येस्तवर तुझंच कसं गं सुरू हुतंय?’ तो ओरडायचा. आई चुलीपाशी हसायची.

घड्याळाची तर वेगळीच गंमत. लिनक्समध्ये काम करून विंडोजमध्ये गेलं की तिथलं घड्याळ साडेपाच तास मागं पडलेलं असायचं. एक कारभारी यंत्राच्या पोटातल्या घड्याळात जगाची वेळ धरायचा, दुसरा तीच वेळ भारताची समजायचा. पण हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले. तोवर रोज भर दुपारी दादाच्या पडद्यावर सकाळ असायची. आमच्या आळीतले गणपतनाना एकदा मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आले आणि चष्मा सावरून दादाला म्हणाले, ‘संतोष, तुझ्यात आजून दिवस बी वर आलेला न्हाई रं. आमी जेवून आलो.’ मला मात्र त्यात हसू येण्याआधी अंगावर काटा आला होता. एका पेटीत दोन कारभारी आणि दोघांचे दिवससुद्धा वेगळे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही, कारण एक जागा असतो तेव्हा दुसरा नसतोच. झोपलेला असतो असंही नाही म्हणता यायचं. झोपेत माणूस निदान श्वास तरी घेतो.

आणखी एक गोष्ट मला फार दिवसांनी उमगली. माझ्या लिनक्समधून दादाचं सगळं दिसायचं. त्याची वऱ्हाडं, त्याचे सूर्य-चंद्र, त्यानं कुणाला न दाखवता जपून ठेवलेले धरणावरच्या पक्ष्यांचे फोटो. पण दादाच्या विंडोजला माझं काहीच दिसायचं नाही. त्याला माझी लिपीच वाचता येत नव्हती. मी माझ्या भागाला नाव दिलं होतं, पण तिकडून बघितलं तर तिथं नुसती एक बिननावाची जागा. मोठी, शांत, कोरी. तेव्हा मला हे फक्त यंत्राबद्दल वाटलं होतं. पुढं कितीतरी घरांत बहिणींना भावाचं सगळं ठाऊक असतं आणि भावांना बहीण काय शिकते एवढंही सांगता येत नाही, हे पाहिलं तेव्हा मला ती कोरी जागा आठवायची.

त्या कोऱ्या दिसणाऱ्या जागेत माझा प्रकल्प होता. तो कशाचा होता ते सांगायचं तर आधी गाळपेर सांगायला हवी. धरण भरलं की काठची जमीन पाण्यात जाते आणि उन्हाळ्याकडे पाणी हटलं की हळूहळू वर येते. पूर्वी ज्यांची रानं धरणात गेली त्यांच्या घरच्यांना ती जमीन पुढचं पाणी येईपर्यंत कसायला मिळते. वरच्या अंगाला हरभरा, खाली काकडी, जनावरांसाठी मका. पावसाळ्यानंतर ज्या जागेवर मासे फिरतात तिथंच उन्हाळ्यात आमच्या शेळ्या चरतात. जमीन एक आणि तिचे कारभारी दोन, हे आमच्या गावाला नवीन नव्हतंच.

पण पाणी बांध ठेवत नाही. दर साली वरून गाळाचा थर बसतो आणि सगळं सपाट होतं. मग आपली पट्टी नव्यानं शोधायची. आबा काठावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे, टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि पल्याडच्या काठावरचा वाकडा आंबा एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचे, आणि मग म्हणायचे, ‘हितं.’ तिथं आम्ही निरगुडीची फांदी रोवायचो. चार कोपऱ्यांना चार फांद्या की पट्टी आपली. ज्या पट्टीवर फांदी दिसत नाही ती त्या साली कुणाला नको आहे असं समजून शेजारी पेरून टाकतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही, उलट रान पडीक ठेवलं नाही म्हणून बरंच म्हणतात. ही आमची रीत.

मी ह्या पट्ट्यांचा नकाशा संगणकात बसवला होता. पाण्याची पातळी आकड्यात द्यायची, की तेवढं पाणी पडद्यावर निळं दिसणार आणि वरची रानं त्यातून बाहेर येणार. कुणाचं आधी उघडं पडतं, कुणाचं नंतर, सगळं कळणार. आबांबरोबर चिखल तुडवत मी खुणा घेतल्या होत्या, आणि गावातल्या प्रत्येकाला, ‘तुमची पट्टी कुठवर?’ असं विचारून भंडावून सोडलं होतं. सगळा हिवाळा त्यात गेला होता. दुसरी प्रत नव्हती, कारण घरात आलेली प्रत्येक कोरी सीडी कुठल्या तरी वऱ्हाडाच्या वाट्याला जायची. पेनड्राइव्ह एकच होता आणि तोही दादाचा. प्रकल्प परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष गेलं, आणि माझं वर्ष गेलं असतं तर पुढच्या वर्षी मला पुन्हा कॉलेजात कोण पाठवणार होतं? आईनं तोंड उघडून असं कधी म्हटलं नाही. पण पाहुण्यांशी बोलताना ती ‘आवंदा शिक्षान संपंल,’ असं ज्या सुरात सांगायची, तो सूर मला कळत होता.

परीक्षा तोंडावर आली होती त्या दिवसांतली ती दुपार. मी कॉलेजातून घरी आले तेव्हा वीज नुकतीच परत आली होती. दादा संगणकासमोर उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता. पडद्यावर काही नव्हतं, नुसत्या काळ्या पाटीवर इंग्रजीतली एक ओळ: असा भाग सापडत नाही. दोन ओळींची ती यादी नव्हती. माझं लिनक्स नव्हतं आणि त्याचं विंडोजही नव्हतं.

‘मने,’ दादा म्हणाला. घरात मला मनीषा कुणीच म्हणत नाही. ‘म्या काय केलंय मलाच कळंना.’

हळूहळू कळलं. गणपतनानांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म जुळवायला त्याला जागा पुरेना. त्यानं डिस्कचा पट्टा उघडून बघितला. त्याची जागा ठासून भरलेली, आणि शेजारी ही एवढी मोठी बिननावाची, कोरी जागा. त्यानं ती मोकळी समजून आधी तिथली हद्द काढून टाकली आणि आता आपल्यात घेणार, तेवढ्यात गावातली वीज गेली.

‘पण आपण वाटणी केली होती ना? तुझ्यादेखत?’ माझा आवाज चिरका झाला होता.

‘केलीवती. पण त्येला आता कवाचे दिस झाले. मला वाटलं तुझी जागा दुसरीकडं कुठं आसंल.’ तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘ह्या तुकड्यावर फांदी न्हवती गं.’

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं म्हणणं मला पटत होतं. आमच्या गावात वाढलेल्या कुणीही हेच केलं असतं. मी फांदी रोवली होती, पण ती त्याच्या बाजूनं दिसतच नव्हती. मी मोरीत जाऊन भडाभडा पाणी तोंडावर मारलं आणि रडून घेतलं. बाहेर आले तर आई दादाला काहीबाही बोलत होती आणि दादा मान खाली घालून ऐकत होता. आणि हद्द पुसल्याबरोबर त्याचंही दार का बंद झालं, हे तेव्हा मला अंधुक कळलं. कुणाला बोलावू असं विचारणारा तो दारवान माझ्या हिश्श्यात राहायला होता. त्याचं घर गेल्यावर दोघांनाही आत घेणारं कुणी उरलं नव्हतं. गणपतनानांची मुलगी नवऱ्याला घेऊन लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, पाचपरतावणाला यायची होती आणि जावयाला फिल्म दाखवायचं नानांनी साऱ्या आळीत सांगून ठेवलं होतं. ती फिल्मही आतच.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दादानं मोटारसायकल काढली. ‘बस,’ एवढंच म्हणाला. नसरापूरच्या चौकात चहासाठीही तो थांबला नाही. वेल्हे मागं टाकून अर्चनाच्या पासलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागले, आणि सगळ्या खाचरांतून धूर निघत होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर लोक शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून, वर माती लोटून, ते भाजत होते. राब म्हणतात त्याला. काळ्या पडलेल्या जमिनीवर निळा धूर, त्याच्यावर तोरण्याचा उभा कडा, आणि ह्या सगळ्यात आम्ही दोघं भाऊबहीण एका गाडीवर बसून चाललेलो. एवढ्या दुःखातही ते पाहून मला श्वास रोखून धरावासा वाटला. ह्या जळक्या मातीतून थोड्याच दिवसांत हिरवं रोप वर येणार, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं नवल नव्हतं.

अर्चना राबावरच सापडली, काखेपर्यंत राखेनं माखलेली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि दादाला एकच प्रश्न विचारला. ‘हद्द काढल्यावर तिथं काय नवीन टाकलं का?’

‘न्हाई. लाईटच गेली.’

‘मग लाईट गेली त्ये लई बेस झालं,’ ती म्हणाली. ‘आगं मने, नुसती नोंद पुसलीया. आतलं जागच्या जागी आसणार. पण आता त्यावर कायबी लिवायचं न्हाई हां. नुसतं बगायचं.’ हात धुऊन तिनं घरातून सीडी आणली आणि काय काय करायचं ते मला कागदावर लिहून दिलं. आम्हाला जेवल्याशिवाय तिच्या आईनं सोडलं नाही. दादानं ताटातली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर संपवली.

घरी परतल्यावर त्या सीडीवरून संगणक सुरू झाला. हे पुन्हा निराळंच. आतले दोन्ही कारभारी नाहीसे झालेले, डिस्क निपचित पडलेली, आणि हा तिसरा, ज्याचं ह्या घरात काहीच नाही, तो तबकडीवर बसून आला, दिवा लावला, आणि घर बघू लागला. मी हरवलेला भाग शोधायचा हुकूम दिला. डिस्क एका टोकापासून वाचायला सुरुवात झाली. आई, आबा, दादा मागं उभे. बाहेर पायरीवर गणपतनाना येऊन बसलेले, कारण जावई घरी पोचले होते. कुणाला काही कळत नव्हतं, पण पंखासुद्धा बंद केला होता, का कोण जाणे.

आकडे सरकत होते. ह्या सगळ्या पट्ट्यावर कुठंतरी माझ्या भागाच्या सुरुवातीची खूण असणार होती, यंत्रानं कधीकाळी रोवलेली, गाळाखाली गेलेली. ती आहे की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली. तिच्यापुढं मी माझ्या हिश्श्याला दिलेलं नाव होतं. मी आत काय आहे ते दाखव म्हणून कळ दाबली, तर माझ्या सगळ्या फाइली ओळीनं उभ्या. एकही हललेली नव्हती. जे पार गेलं असं आम्ही धरून चाललो होतो ते सबंध वेळ तिथंच होतं, नुसतं त्याच्याकडे जायची वाट कुठं लिहिलेली नव्हती. असं असू शकतं? मी पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होते. त्यानंतर मी खूप शिकले आणि हे कसं घडतं ते आता फळ्यावर आकृती काढून समजावते. पण समजावताना अजूनही माझा खडू क्षणभर थांबतो.

नोंद पुन्हा लिहिली, सीडी काढली, दादानं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. आईनं कानशिलांवर बोटं मोडली.

खुर्चीत आता दादा बसला होता. बाहेर नाना खाकरत होते आणि त्यांचे जावई घरी वाट बघत होते. दादानं खालची, विंडोजची ओळ घ्यायची, हे मी धरूनच चालले होते आणि त्यात काही वावगंही नव्हतं. त्यानं कळेवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. वरची ओळ तशीच राहू दिली.

‘आदी तुझं बगू,’ तो म्हणाला. ‘चालतंय का न्हाई त्ये.’

लिनक्स उघडलं. मी वाकून प्रकल्प सुरू केला. निळं धरण पडद्यावर भरलं. ‘आता ह्यात पाण्याची पातळी टाक,’ मी म्हटलं. दादानं एका बोटानं आकडा टाकला. पाणी थोडं खाली गेलं आणि काठाला एक-दोन पट्ट्या वर आल्या. त्यानं आणखी खालचा आकडा टाकला. आणखी पट्ट्या आल्या. तो खुर्चीत पुढं सरकला. गाव उलगडावं तशी रानं एकामागून एक पाण्यातून निघत होती आणि प्रत्येक रानावर ते कसणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. आबा डोळे बारीक करून बघत होते.

मग आमची पट्टी वर आली. तिच्यावर मी आबांचं नाव लिहिलं नव्हतं, कारण नांगर धरायचं आबांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. तिच्यावर ‘संतोष’ असं लिहिलं होतं.

दादानं ते वाचलं. कोरी म्हणून पुसलेल्या जागेत त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि हिवाळ्यापासून होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याला बोट लावलं आणि त्या अक्षरांवरून हळूच फिरवलं, बोटाचं कुंकू काचेला लागलं तरी फिरवत राहिला.

‘मने,’ तो म्हणाला. मग दाराकडे तोंड करून त्यानं मोठ्यानं हाक मारली, ‘नाना, आत या की! तुमचं बी नाव हितं आसंल.’

गणपतनाना चपला काढून आत आले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि जावई घरी खोळंबलेत हे विसरून आपलं रान पाण्यातून वर यायची वाट बघत आमच्यात उभे राहिले.